माझ्या दहाव्यानंतर लिहिलेलं मृत्युपत्र

धरमतरच्या खाडीकाठी, आमच्या मिठागराच्या बांधावर, मी आणि इंदू, दोघी दहा-अकरा वर्षांच्या, पाय सोडून बसलो आहोत. दोघींच्या पोटऱ्यांवर मीठ वाळून पांढरं झालं आहे. इंदूने कैरी दगडावर आपटून फोडली आहे आणि वाफ्याच्या कडेचं मीठ बोटाने खरवडून ती फोडींना लावते आहे. माझ्या गळ्यात वडिलांचा पेटीसारखा कॅमेरा. मी म्हणते, उभी राहा, फोटो काढते. कॅमेऱ्यात रोल नाही. वडील मला रोल कधीच देत नसत, आणि हे इंदूलाही माहीत आहे. तरी ती उठते, ओल्या हाताने केस सारखे करते आणि खाडीकडे पाठ करून ताठ उभी राहते. मी बटण दाबते. ती विचारते, "बरा आला का गो?" मी म्हणते, छान आला. मग आम्ही उरलेली कैरी खातो.

मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत. वकिलांनी दिलेला नमुना माझ्यासमोर आहे, त्यात कैरीला जागा नाही. पण गेल्या दोन महिन्यांत मला इतक्या गोष्टींचा भरवसा उरलेला नाही, की जी गोष्ट नक्की घडली तिच्यावर आधी पाय रोवावा असं वाटलं. आता नमुन्याप्रमाणे.

मी, लतिका माधव टिपणीस, वय सहासष्ट, कै. माधवराव टिपणीस यांची पत्नी, राहणार अष्टमी, तालुका रोहा, जिल्हा रायगड, आज पेण येथे बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांना चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात, बाकी प्रकृती ठीक आहे. आणि नमुन्यात नसलेली एक गोष्ट मला जास्तीची लिहावी लागते आहे, ती अशी की मी जिवंत आहे.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात माझे सगळे फोटो आणि निगेटिव्ह माझा पुतण्या विराज याच्या नावे होते. ते आता कोणाच्याच नावे करता येत नाहीत. का, ते सांगते, कारण वाचणाऱ्याला ते कळल्याशिवाय पुढची कलमं म्हातारीचा हट्ट वाटतील.

मी समुद्रकिनाऱ्यांचे फोटो काढते. तिशीत सुरू केलं, अजून सुटलं नाही. माधवराव धाटावच्या एका कंपनीत होते. त्यांच्या रजा आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या जमतील तशा आम्ही जात असू. त्यांना पाण्याची भीती. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर, केरळात, पुढे पोर्तुगालला, सगळीकडे ते समुद्राकडे पाठ करून सामान राखत बसले आणि पेपर वाचत राहिले. ते गेल्यावर मी एकटी फिरू लागले. आइसलँडची काळी वाळू पाहिली. नामिबियात वाळवंट थेट लाटांत उतरतं, तिथे उभी राहिले. झांझिबारला बायका गुडघाभर पाण्यात समुद्री शेवाळाची शेती करतात, त्यांचे वाफे टिपले. बायका घरी गेल्यावर. माझ्या फोटोंत माणूस नसे. बोर्डिंगच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, रिकाम्या चॅपलमध्ये प्रार्थना जास्त ऐकू येते. ते डोक्यात राहिलं असावं.

भरती-ओहोटी मी तिथीवरून काढते, जशी इंदूची आई काढायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या तिथीला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. परदेशातही माझ्या बॅगेत मराठी कॅलेंडर असतं. चंद्र सगळीकडे तोच, वेळा तेवढ्या तिथल्या माणसांना विचारायच्या. ज्या दिवशी भरती सर्वांत मोठी, त्याच दिवशी ओहोटीही सर्वांत लांब जाते, आणि समुद्र एरवी झाकून ठेवतो ते सगळं उघडं पडतं. मला तेच हवं असतं.

या वर्षी नारळी पौर्णिमेला मी इंडोनेशियातल्या एका लहान बेटावर होते. परतीची बोट पौर्णिमेलाच निघत होती. मी सामान बोटीत चढवलं, फोन आणि पासपोर्टसुद्धा त्यातच, आणि ऐन वेळी गळ्यातल्या कॅमेऱ्यासह खाली उतरले, कारण दुसऱ्या दिवशीची पहाटेची ओहोटी मला सोडवेना. बोटवाल्यांना म्हटलं, सामान पुढच्या बेटावर ठेवा, मी पुढच्या बोटीने येते. त्यांची बोट वाटेत उलटली. ते पोहून कुठेतरी किनाऱ्याला लागले. मग समुद्र इतका खवळला की बोटी बंद झाल्या आणि बेटावरचा मोबाइलचा टॉवरही पडला. मी एका शिक्षकाच्या घरी राहिले, मासळी-भात खाल्ला, रोज किनाऱ्यावर गेले. मला वाटलं, बोटवाल्यांनी सगळं सांगितलं असेल; पण मी उतरले होते हे कोणापर्यंत पोचलंच नव्हतं.

इकडे मुंबईच्या प्रवास कंपनीकडून विराजला निरोप आला: बोट उलटली, सामान सापडलं, बाई सापडत नाहीत, शोध चालू आहे.

विराज हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. आई-वडील लवकर गेले, तो माझ्या हाताखालीच वाढला. आमच्या घराचा एक भाग त्याचा, एक माझा, मधलं माजघर सामाईक. तो निरोप वाचून तो पायरीवर बसून रडला, असं त्याची बायको वैशाली सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण रडून झाल्यावर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

चतुर्थी जवळ आली होती. आमच्या घरचा गणपती दर वर्षी पेणहून येतो, गौरींबरोबर जातो. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून तो कधी चुकलेला नाही. मूर्ती सांगून झाली होती. मी गेले असेन आणि खात्री व्हायला पंधरवडा लागला, तर सुतक नेमकं गणपतीत येणार. आत्ताच धरलं, तर चतुर्थीच्या आधी फिटणार. गुरुजी आधी थांबा म्हणाले होते, निरोपातलं ते शेवटचं वाक्य, "शोध चालू आहे", त्यांनीही वाचलं होतं. मग विराजने त्यांनाही कॅलेंडर दाखवलं. देह नसेल तर दर्भाची प्रतिमा करून दहन करता येतं. केलं.

मी हे लिहिते आहे आणि माझी पेन्सिल थांबते. (शाईने नंतर गिरवीन.) गणपती चुकू नये म्हणून त्यांनी मला जाळलं. त्यांच्यापैकी कोणीही वाईट हेतूने काही केलं नाही, याचाच मला सर्वांत मोठा धक्का आहे.

दहाव्याला कुंडलिकेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा येईना. येणार कसा? तर आपल्याकडे करतात तसं सगळे एकेक करून माझी राहिलेली इच्छा ओळखू लागले आणि मोठ्याने शब्द देऊ लागले. विराजची मुलगी स्पृहा हिने ते फोनवर टिपलं आहे. मी ते पाहिलं. स्वतःच्या पिंडासमोर आपले लोक काय काय कबूल करतात हे ऐकायला मिळणं, ही शिक्षा आहे की बक्षीस, अजून ठरवता आलेलं नाही.

विराज म्हणाला, काकू, घरातला तुझा भाग विकणार नाही, तुझी खोली तशीच ठेवीन. कावळा समोरच्या झाडावर पंख साफ करत बसला. वैशाली म्हणाली, तुमच्या मोरपंखी पैठणीला मी हात लावणार नाही. कावळ्याने पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या शकूताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, लतिकाताई, तुमचं मोठं पातेलं माझ्याकडे राहिलंय, उद्याच आणून देते. विराजने पुन्हा हात जोडले: काकू, तुझे समुद्र मी समुद्रातच पोचवीन, एकही मागे ठेवणार नाही. कावळा हलला नाही. पण हा शब्द विराजने पाळला.

इंदू सगळ्यांच्या मागे, पायरीच्या टोकाला उभी होती. इंदुबाई कान्हू म्हात्रे, वर जिचा उल्लेख आला तीच, कैरीवाली. ती पुढे आली ती माझ्या माणसांवर रागावूनच. फिल्ममध्ये तिचा आवाज स्पष्ट आहे. "कोनाला घालताव हा घास? लतिका मेली नाय. मेली असती तं मना कळला असता." मग ती पिंडाकडे न बघता नदीकडे बघून म्हणाली, "गो लते, घरा भात ठेवलाय. ये."

कावळा आला आणि घास घेऊन गेला.

सगळ्यांनी हात जोडले. गुरुजी म्हणाले, मोकळ्या झाल्या. इंदू एकटीच रागाने निघून गेली. ही फिल्म मी अनेकदा पाहिली. मी जिवंत होते आणि तो आला. मी याचा अर्थ लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी विराज दर्भाच्या प्रतिमेची राख घेऊन रेवदंड्याला गेला. तिथे आमची कुंडलिका समुद्राला मिळते. होडी करून आत गेला. राखेबरोबर त्याने माझ्या दोन्ही हार्ड डिस्क, आणि त्यापूर्वीच्या काळातल्या स्लाइड आणि निगेटिव्हचा पत्र्याचा डबा, हळद-कुंकू वाहून, फुलं घालून पाण्यात सोडला. पस्तीसेक वर्षांचे किनारे. आमच्याकडे जे सर्वांत लाडकं असतं त्याला आपण वाजतगाजत पाण्यातच सोडतो. हे पेण-रोह्याच्या मुलाला शिकवावं लागत नाही. त्याने माझ्यावर केलेलं ते सर्वांत मोठं प्रेम होतं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी घरी पोचले. पासपोर्टचे कागद, विमानं, हे सगळं गाळते. घरचे फोन नंबर मला पाठ नाहीत, त्यामुळे कळवलं नव्हतं. माजघरात मखर, गणपती, आणि शेजारच्या स्टुलावर माझा फोटो, चंदनाच्या हारासकट. विराज निरांजनाला वात लावत होता. त्याने वर पाहिलं आणि जे तोंडातून आलं ते बोलला: "काकू, तुझं दहावं झालं." मी म्हटलं, बरं झालं, मला भूक लागली आहे. मग त्याने आधी माझ्या फोटोवरचा हार काढला. मला हसू येत होतं. डब्याचं मला रात्रीच्या जेवणापर्यंत कोणी सांगितलं नाही.

अजूनही त्याच्याशी त्यावर बोललेले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठी इंदूकडे गेले. ती ओट्यावर मासळी साफ करत होती. उठली नाही. म्हणाली, "आलीस? भात निवला." आणि मग तोच ओला हात डोळ्यांना लावून घेतला.

तिच्या घराची आतली भिंत मी कित्येक वर्षं नीट पाहिलीच नव्हती. प्रत्येक प्रवासाहून मी तिला एक फोटो पोस्टाने पाठवत असे, मागे कुठला समुद्र आणि कुठली तिथी लिहून. बरोबर चल म्हटलं की म्हणायची, "माझा दर्या दाराशी हाय, लोकाच्या दारा कशाला जाऊ?" तिने ते सगळे फोटो गव्हाची खळ लावून भिंतीला चिकटवले आहेत. पोर्तुगाल चुलीच्या वर, धुराने पिवळा. आइसलँडवर दिनदर्शिकेचा खिळा. झांझिबारला ओल येऊन समुद्र फुगला आहे. त्या डब्यात आणि डिस्कांत जे होतं त्यातलं एवढंच जगात उरलं आहे. मी तिथे जमिनीवर बसून ते एकेक करून मोजले.

विराजला कळलं तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन तिच्याकडे धावला. मावशी, हे मला द्या, काचेत लावतो, खोलीत ठेवतो, इथे खाऱ्या हवेत दोन पावसाळे नाही टिकायचे. त्याचं म्हणणं खरं आहे. इंदू म्हणाली, "तुझ्याकडं टिकले व्हय?" त्याने पिशव्या घडी करून परत आणल्या. तेव्हापासून तो रोज मला विचारतो, तू सांग ना तिला. इंदू मला काहीच विचारत नाही. हे फोटो कुठे राहायचे, हे मीच ठरवायचं आहे, आणि ते ठरवायलाच मी पेणला येऊन बसले आहे.

आता कलमं.

पहिलं. अष्टमीच्या घरातला माझा भाग विराजला देत आहे. त्याने घाटावर कबूल केल्याप्रमाणे तो विकू नये. खोली मात्र तशीच ठेवू नये. तिथे कपाट हलवून खिडकी उघडावी, आणि स्पृहाला अभ्यासाला द्यावी.

दुसरं. मोरपंखी पैठणी वैशालीला. तिने तिला हात न लावण्याचा शब्द दिला आहे. त्या शब्दातून मी तिला मोकळी करते. पुढच्या गौरींना नेसावी, माझ्यासमोर.

तिसरं. शकूताईंकडचं मोठं पातेलं अजून आलेलं नाही. ते माझ्या मिळकतीत धरलेलं आहे याची त्यांनी नोंद घ्यावी. आल्यास घरातच राहावं, गणपतीच्या नैवेद्याला लागतं.

चौथं. माझे दोन्ही कॅमेरे, भिंगं, तिपाई आणि तिचा मोडका पाय, तसंच मराठी कॅलेंडर बघायची सवय, हे सर्व स्पृहाला. ती मला म्हणते, आजी, फोटो दोन ठिकाणी ठेवायचे असतात. मी म्हटलं, एक ठिकाण रेवदंड्याला आहे. ती हसली नाही. चांगली मुलगी आहे, तिने समुद्र पाहत फिरावं.

पाचवं. बँकेत जे उरेल त्यातून इंदूच्या घराचं छप्पर नीट करून द्यावं, विशेषतः आतल्या भिंतीवरचं. राहिलेलं स्पृहाच्या पहिल्या प्रवासाला.

सहावं. इंदूच्या भिंतीवरचे फोटो इंदूचे आहेत. मी ते तिला दिले तेव्हाच ते माझे राहिले नाहीत, त्यामुळे ते देण्याचा अधिकार मला नाही; फक्त हे लिहून ठेवण्याचा आहे. तिच्यामागे ते तिची नात मनस्वी हिचे. कोणी ते मागू नयेत, विकत घेऊ नयेत, प्रदर्शनाच्या नावाखाली खरवडू नयेत. खळीने चिकटलेत, निघताना फाटतील, आणि मागची तिथी कोणाला वाचता येणार नाही. ते तिथे खराब होतील. होऊ देत. विराज, मी यावर बराच विचार केला. पाण्यात बुडालेल्यापेक्षा धुरात पिवळं पडलेलं मला चालेल, कारण त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला इंदू चहा देताना विचारते, ह्यो दर्या पाहिलाव का?

स्पृहाने इंदूची परवानगी घेऊन त्या भिंतीचा एक फोटो काढावा. माझ्या फोटोंत माणूस नव्हतं, या फोटोत असावं. इंदूने भिंतीकडे पाठ करून उभं राहावं. केस सारखे करायला तिला वेळ द्यावा. आणि या वेळी कॅमेऱ्यात जे लागतं ते आहे ना, एवढं पाहावं.

सातवं. विराजला, घराव्यतिरिक्त. बोट उलटली तेव्हा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. त्यात एक कार्ड आहे, नखाएवढं. त्यावर नारळी पौर्णिमेनंतरच्या पहाटेची ती ओहोटी आहे, जिच्यासाठी मी थांबले आणि जिच्यामुळे तुम्ही मला जाळलंत. पाणी इतकं मागे गेलं होतं की बेटावरची माणसंही बघायला आली. म्हातारे, पोरं, शिक्षकाची बायको. मी ती फ्रेममधून बाहेर जायची वाट पाहिली नाही. ते कार्ड मी कोणाला दाखवलेलं नाही. ते विराजचं. एवढंच माझं उरलेलं आहे आणि ज्याच्या हातून बाकी सगळं गेलं त्यालाच ते देते आहे, हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. त्याने ते कागदावर उतरवून घ्यावं. पाण्याजवळ नेऊ नये.

आठवं आणि शेवटचं. माझं दहावं पुन्हा करावं लागेल. त्याआधी डॉक्टरांनी मला स्वतः पाहिलेलं असावं, आणि चतुर्थी जवळ असल्यास गणपतीने त्या वर्षी पेणलाच थांबावं; तो समजून घेईल. घाटावर कोणी मला कसलाही शब्द देऊ नये. मागचे पुरेत. इंदू असल्यास इंदूने, नसल्यास मनस्वीने पुढे होऊन सांगावं की आता खरंच गेली, भात ठेवू नका. पिंड कावळ्याला. त्याला माझ्या नावाचा एक घास आधीच मिळालेला आहे, तरी हाही त्यालाच द्यावा.

लिहिणार: लतिका माधव टिपणीस (सही)

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी मला समोर बसून चहा पिताना पाहिलं:
१. डॉ. निलेश गुप्ते, पेण (सही)
२. रघुनाथ साळवी, गणपतीचा कारखाना, पेण (सही)

ठिकाण: पेण, जिल्हा रायगड
दिनांक: ७ ऑक्टोबर २०२५, कोजागिरीचा दुसरा दिवस, खाडीला उधाण